थायरॉईडची गाठ साधी आहे आणि ऑपरेशन योजनेत बसते. मग काढून टाकायची का?

समजा, तुम्ही मीरा रोडला राहता. सोसायटीतल्या आरोग्य शिबिरात किंवा 'फुल बॉडी चेकअप'मध्ये मानेची सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टमध्ये एक ओळ आली: थायरॉईडच्या उजव्या भागात दोन सेंटीमीटरची गाठ. घरात दोन दिवस कोणाला नीट झोप लागली नाही. मग सुईची तपासणी झाली आणि गाठ कर्करोगाची नाही असे कळले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. आणि नेमके तेव्हाच कोणीतरी म्हणाले, "योजनेत बसतंय, एक रुपया लागणार नाही. काढून टाका, कटकट नको."

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न बऱ्याच घरांत पैशापाशीच अडायचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डधारकांसाठी होती आणि तिचे कवच कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांचे होते. २८ जून २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ही योजना सगळ्यांना खुली करण्याचा निर्णय घेतला. १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला. आता पांढरे रेशनकार्ड असलेले कुटुंबही पात्र आहे आणि केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसह मिळणारे कवच ५ लाखांचे आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून ७० वर्षे आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले.

मीरा-भाईंदरसारख्या शहरासाठी हा बदल लहान नाही. २०११ च्या जनगणनेत इथे ८ लाख ९ हजार लोक होते, आणि त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते तुम्ही रोज पाहता. पांढऱ्या कार्डाचा, पण मोठे ऑपरेशन म्हटले की पीएफ मोडावा लागणारा मध्यमवर्ग या शहरात भरपूर आहे. त्याच्या हातात पहिल्यांदाच हे कवच आले आहे. मी या बदलाच्या बाजूचा आहे. गलगंड वाढून श्वासनलिका दाबली गेलेली बाई पैशांअभावी वर्षानुवर्षे घरी बसलेली मी पाहिली आहे. पण खर्चाची अडचण निघाली की तिच्याबरोबर खर्चाचा लगामही निघतो. 'परवडेल का?' हा प्रश्न गेला. 'गरज आहे का?' हा प्रश्न आता तुम्हालाच विचारावा लागणार आहे.

आधी एक गैरसमज

"मला थायरॉईड आहे," असे आपण सगळेच म्हणतो. थायरॉईड प्रत्येकालाच असते. ती गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. 'थायरॉईड आहे' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ग्रंथी कमी काम करण्याचा आजार असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईसह भारतातल्या आठ शहरांमधल्या प्रौढांत या आजाराचे प्रमाण सुमारे ११ टक्के आढळले होते. म्हणजे नऊजणांत एक. लोकलच्या महिला डब्यात सकाळी विचारले, तर किती हात वर होतील याचा अंदाज करा.

या आजाराला ऑपरेशन नाही, गोळी आहे. टीएसएच १० आले, २० आले, ५० आले, तरी तेवढ्यावरून कोणी ग्रंथी काढत नाही. तुमचा टीएसएच वाढला आहे आणि कोणी तेवढ्याच कारणाने ऑपरेशन सुचवत असेल, तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

ऑपरेशनचा विषय निघतो तो तीन परिस्थितींत. एक, ग्रंथीत गाठ किंवा गाठी आहेत. दोन, सगळी ग्रंथीच सुजून मोठी झाली आहे, म्हणजे गलगंड. तीन, ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे; हात थरथरतात, छाती धडधडते, वजन उतरते, कधी डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात.

गाठ सापडणे म्हणजे आजार सापडणे नव्हे

मान बोटांनी तपासली तर शंभरात पाचेकजणांत गाठ हाताला लागते. तीच मान सोनोग्राफीने पाहिली, तर पन्नाशीपुढच्या जवळपास निम्म्या स्त्रियांत काही ना काही गाठ दिसते. यंत्र जितके चांगले, तितक्या लहान गाठी दिसणार. यातल्या ९० टक्क्यांच्या आसपास गाठी कर्करोगाच्या नसतात, आणि त्यातल्या बहुसंख्य गाठी माणसाला आयुष्यभर काहीही त्रास देत नाहीत.

न शोधता बऱ्या असत्या अशा गोष्टी शोधत बसले की काय होते, हे दक्षिण कोरियात दिसले. तिथे १९९९ पासून राष्ट्रीय तपासणी मोहीम सुरू झाली. रुग्णालयांनी तिच्या जोडीला थोड्याशा पैशांत मानेची सोनोग्राफी देऊ केली. २०११ मध्ये थायरॉईड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले होते, पण त्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जिथल्या तिथे होते. हजारो लोकांच्या ग्रंथी निघाल्या, त्यांना जन्मभराची गोळी लागली, आणि जीव वाचले असे दिसले नाही. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी उघडपणे आवाज उठवला. त्यानंतर वर्षभरात थायरॉईडची ऑपरेशने ३५ टक्क्यांनी कमी झाली.

कोरिया दूर वाटत असेल तर बीड घ्या. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांवरून विधिमंडळात गदारोळ झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यात अनेकजणी चाळिशीच्याही आतल्या. मीरा-भाईंदरमध्ये थायरॉईडच्या बाबतीत असे काही चालले आहे असा माझा अजिबात दावा नाही. पण 'पिशवी खराब झाली, काढून टाका' हे वाक्य आणि 'गाठ आहे, काढून टाका' हे वाक्य ऐकायला सारखेच लागते. दोन्ही ठिकाणी रुग्णाने 'नाही काढली तर काय होईल?' असे विचारणे गरजेचे असते.

ऑपरेशन खरोखर केव्हा लागते

आता दुसरी बाजू. ही बाजू मी मुद्दाम ठळकपणे सांगतो आहे, कारण ऑपरेशनला घाबरून गाठ विरघळवण्याच्या पुड्या खात चार-पाच वर्षे घालवणारे रुग्णही आमच्याकडे येतात. तोपर्यंत ग्रंथी छातीच्या हाडामागे उतरलेली असते, आणि सोपे ऑपरेशन अवघड झालेले असते.

गाठ साधी असूनही काढावी लागते, त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे दाब. घास अडकतो, उताणे झोपले की श्वास कोंडतो, दोन्ही हात डोक्यावर नेले की चेहरा लाल होऊन गुदमरल्यासारखे वाटते, सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिका एका बाजूला सरकलेली किंवा चिमटलेली दिसते. अशा वेळी गोळ्यांनी ग्रंथी लहान होईल या आशेवर थांबू नका. मात्र 'घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते' ही तक्रार दर वेळी गाठीमुळेच असते असे नाही. एक सेंटीमीटरची गाठ घास अडवत नाही. तिथे बहुधा ॲसिडिटी किंवा चिंता असते, आणि गाठ काढल्यावरही ती भावना तशीच राहते. मग रुग्ण आणि सर्जन दोघेही हिरमुसतात.

दुसरे कारण, ग्रंथी जास्त काम करणे. इथे ऑपरेशन हा तीन उपायांपैकी एक आहे. पहिला उपाय कार्बिमाझोलसारख्या गोळ्या. ग्रेव्हज नावाच्या प्रकारात त्या साधारण वर्ष-दीड वर्ष देतात. या गोळ्या चालू असताना ताप आणि घसादुखी सुरू झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या असतात. हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितले नसेल तर आता माझ्याकडून ऐका. दुसरा उपाय किरणोत्सारी आयोडीन. त्याचे औषध तोंडाने घ्यायचे असते, कापाकापी नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळला हे काम करते. भाईंदरहून लोकलने दादर आणि तिथून पुढे परळ, इतक्या अंतरावर ही सोय आहे. तरी ऑपरेशन सुचवलेल्या अनेकांनी तिचे नावही ऐकलेले नसते. तिसरा उपाय ऑपरेशन. ग्रंथी खूप मोठी असेल, डोळ्यांचा त्रास जास्त असेल, गोळ्या सोसत नसतील, किंवा लवकर मूल हवे असेल (किरणोत्सारी आयोडीननंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते), तर ऑपरेशन उजवे ठरते. एक अट मात्र पक्की: आधी गोळ्यांनी हार्मोन आटोक्यात आणायचे, मगच टेबलावर घ्यायचे. घाईने केले तर शरीरात हार्मोनचा अक्षरशः लोंढा सुटून जीव धोक्यात येऊ शकतो.

तिसरे कारण, शंका. सुईच्या तपासणीचा निकाल 'बेथेस्डा' नावाच्या सहा गटांत येतो. दुसरा गट म्हणजे साधी गाठ, सहावा म्हणजे कर्करोग. मधल्या तिसऱ्या-चौथ्या गटांत पॅथॉलॉजिस्ट खात्रीने सांगू शकत नाही. तिथे कधी पुन्हा सुई, कधी अर्धी ग्रंथी काढून तपासणे योग्य असते. रिपोर्टवर हा आकडा नसेल तर मागून घ्या. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तसाच 'टायरॅड्स'चा आकडा असतो, एक ते पाच. या दोन आकड्यांशिवाय ऑपरेशनचा निर्णय म्हणजे पत्ता न विचारता रिक्षात बसणे.

गाठ चार सेंटीमीटरहून मोठी असेल, भराभर वाढत असेल, किंवा मानेवरचा फुगवटा तुम्हाला स्वतःलाच लाजवत असेल, तर तेही विचारात घेण्यासारखे आहे. दिसण्याचे कारण क्षुल्लक नसते. फक्त ते कारण तुमचे असावे, सर्जनचे नसावे.

बाकीच्यांनी काय करायचे? वर्षा-दोन वर्षांनी एक सोनोग्राफी आणि टीएसएच. बस. पाण्याची गाठ असेल तर सुईने पाणी काढता येते. त्रास देणारी भरीव साधी गाठ सुईतून उष्णता देऊन आकसवण्याचे तंत्र, ज्याला रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन म्हणतात, आता मुंबईत काही ठिकाणी केले जाते. त्यात ग्रंथी जागेवर राहते.

मिठागरांच्या गावात आयोडीन

एक गोष्ट इथल्या मातीची. भाईंदरची मिठागरे पिढ्यानपिढ्यांची आहेत. 'आम्ही समुद्राकाठची माणसे, आमच्या मिठात आयोडीन असणारच,' असे इथे आवर्जून ऐकायला मिळते. ते खरे नाही. समुद्रात आयोडीन असते, मासळीतही असते. उत्तनच्या कोळीवाड्यातल्या जेवणात ते पोचते. पण उन्हात वाळवलेल्या कच्च्या मिठात ते जवळजवळ उरत नाही. म्हणून ते कारखान्यात वरून घालावे लागते. भारतात राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, आणि मे २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला देशभर बंदी आहे. तरीही मिठागरावरचे जाडे मीठ आणि 'नैसर्गिक' म्हणून विकले जाणारे गुलाबी मीठ घराघरांत येत असते. उपवासाला सैंधव खा, हरकत नाही. रोजच्या आमटीत आयोडीनयुक्तच हवे, विशेषतः घरात गर्भवती असेल तर.

पण जुन्या गाठी मीठ बदलून विरघळत नाहीत. उलट, वर्षानुवर्षांच्या गाठाळ गलगंडात वयस्कर माणसाला एकदम जास्त आयोडीन मिळाले, तर ग्रंथी जास्त काम करायला लागू शकते. आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

अर्धी की पूर्ण

आपल्याकडे हा प्रश्न फार कमी विचारला जातो, आणि नंतरचे सगळे आयुष्य याच्यावर ठरते. गाठ एकाच बाजूला असेल तर अर्धी ग्रंथी काढून भागते. अशा पाचांपैकी साधारण चौघांना नंतर गोळी लागत नाही. दोन्ही बाजू गाठींनी भरल्या असतील किंवा ग्रेव्हजचा आजार असेल, तर पूर्ण काढणे योग्य, कारण अर्धवट ठेवले तर आजार परत येतो आणि दुसऱ्यांदा मान उघडणे जास्त जोखमीचे असते. पूर्ण काढली की लेव्होथायरॉक्सिनची गोळी जन्मभर.

हे वैद्यकाला फुकट कळलेले नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातले सर्जन थिओडोर कोखर यांनी थायरॉईडचे ऑपरेशन इतके सुरक्षित केले की त्यांना १९०९ चे नोबेल मिळाले. पण त्यांच्याच लक्षात १८८३ मध्ये आले होते की पूर्ण ग्रंथी काढलेले त्यांचे रुग्ण नंतर सुजलेले, मंद, थंडीने कुडकुडणारे झाले होते. तेव्हा गोळी नव्हती. आज ती आहे, स्वस्तही आहे.

गोळीची कटकट मात्र खरी आहे. ती रिकाम्या पोटी घ्यायची आणि चहा किमान अर्ध्या तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांचे अंतर. पहाटेची लोकल पकडणाऱ्याला हे जमत नाही, मग तो गोळी चहाबरोबरच घेतो आणि टीएसएच वरखाली होत राहतो. अशांनी रात्री, जेवणानंतर किमान तीन तासांनी घेतली तरी चालते. डॉक्टरांना विचारून एक वेळ ठरवा आणि तीच पाळा.

बाकी धोके थोडक्यात. ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राची नस जाते. तिला कायमची इजा सराव असलेल्या हातात शंभरात एखाद्यालाच होते, पण शिक्षिका, कीर्तनकार, कॉल सेंटरमध्ये काम करणारी मुलगी यांच्यासाठी तो एक टक्का मोठा असतो. ग्रंथीला चिकटलेल्या चार पॅराथायरॉईड कॅल्शियम सांभाळतात. पूर्ण ग्रंथी काढल्यावर चारातल्या एखाद्या रुग्णाला काही आठवडे ओठ-बोटांना मुंग्या येतात आणि कॅल्शियम घ्यावे लागते. थोड्यांना ते कायमचे लागते.

हे धोके कोणाच्या हातात कमी होतात, यावर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. वर्षाला २५ हून अधिक थायरॉईड ऑपरेशने करणाऱ्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत कमी आढळली. तेव्हा "डॉक्टर, तुम्ही वर्षाला अशी किती करता?" असे विचारायला संकोचू नका. चांगला सर्जन यावर रागावत नाही. योजनेच्या यादीत रुग्णालय आहे, एवढ्यावरून तिथे थायरॉईडचा सराव असलेला सर्जन आहे असे ठरत नाही. घराजवळचे रुग्णालय सोयीचे असते हे मान्य, पण हे अपघाताचे ऑपरेशन नाही. साध्या गाठीसाठी दोन महिने थांबून, योजनेतल्याच मुंबईच्या मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात जाण्याने नुकसान होत नाही.

योजनेतून करायचे ठरले तर

योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा कर्मचारी बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा, किंवा १५५३८८ या क्रमांकावर फोन करा. अर्धी ग्रंथी आणि पूर्ण ग्रंथी ही दोन वेगळी ऑपरेशने आहेत. पूर्वमंजुरीसाठी कोणत्या ऑपरेशनचे नाव पाठवले आहे ते विचारा आणि संमतीपत्रावरही तेच लिहिले आहे ना, ते सही करण्यापूर्वी वाचा. तुमच्याशी अर्धीचे बोलणे झाले असेल आणि कागदावर पूर्ण असेल, तर सही थांबवा. ऑपरेशनपूर्वी कॅमेऱ्याने स्वरयंत्र तपासून घेतले जाते का, हेही त्याच बैठकीत विचारा.

ऑपरेशननंतरची पहिली रात्र महत्त्वाची. शंभरात एखाद्या रुग्णाला आत रक्त साचून मान फुगते आणि श्वास अडतो. हे बहुधा पहिल्या २४ तासांत होते आणि तेव्हा काही मिनिटांत टाके उघडावे लागतात. म्हणून 'संध्याकाळीच घरी सोडा' असा आग्रह धरू नका. काशिमिऱ्याच्या हायवेवर रात्री अडकलेली रिक्षा ही त्यासाठी योग्य जागा नाही. सोबतच्या नातेवाइकाला एवढेच सांगून ठेवा: मान ताठ फुगली, आवाज बदलला किंवा श्वासाला आवाज येऊ लागला, तर नर्सला लगेच हाक मारायची, सकाळची वाट बघायची नाही.

आणि काढलेल्या ग्रंथीचा बायोप्सी रिपोर्ट आणायला विसरू नका. तो आठ-दहा दिवसांनी येतो. तोपर्यंत टाके सुकलेले असतात, माणूस कामावर गेलेला असतो आणि रिपोर्ट रुग्णालयाच्या कपाटात पडून राहतो. साधी म्हणून काढलेल्या ग्रंथीत कधी कधी काही मिलिमीटरचा कर्करोगाचा ठिपका सापडतो. बहुतेक वेळा त्याला पुढे काहीच उपचार लागत नाहीत. पण तसे डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगायला हवे.